बिराजदार सरांचं उघडं पान

चैत्र उलटला की मला घरात बसवत नाही. नांदेडच्या आमच्या कॉलेजात या दिवसांत प्रवेश परीक्षेचं केंद्र असतं आणि पर्यवेक्षक म्हणून माझी नेमणूक ठरलेली असते. सकाळपासून फाटकाबाहेर रांगा लागतात. कुणाच्या कानातलं काढून घेतात, कुणाच्या मनगटाचा गंडा कापतात. लिंबाच्या सावलीत आया बसलेल्या असतात, मांडीवर डबा आणि पाण्याची बाटली. बापांना बसणं जमत नाही. ते फाटकापर्यंत येतात, आत डोकावतात, परत जातात. मी वर्गात बाकांमधून फेऱ्या मारत असते. पंख्याची घरघर, कागदाची सळसळ. नोकरी कायम झाली, केस पांढरे व्हायला लागले, तरी वैशाखात माझे पाय थाऱ्यावर नसतात. घरी आले की कपाट उघडते, कशाला उघडलं ते विसरते, चहा टाकते आणि तो आटून जातो. नवरा विचारतो, "परीक्षा लेकरांची हाय का तुझी?"

त्याला काय सांगायचं. माझा एक उन्हाळा लातूरला होऊन गेला, तो अजून संपायला तयार नाही.

बारावीचा शेवटचा पेपर झाला आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला देगलूरला धड आठवडाही राहू दिलं नाही. आमच्या गल्लीत निम्मी माणसं तेलुगूत भांडायची आणि मराठीत समेट करायची. त्या गोंगाटात मला जरा लोळायचं होतं. पण अण्णा शाळामास्तर. त्यांना वाटायचं, लातूर म्हणजे गिरणी आहे, वरून लेकरू टाकलं की खालून डॉक्टर पडतो. "सीईटी होऊ दे, मग झोप किती झोपायची ते," म्हणाले, आणि माझी ट्रंक त्यांनी स्वतः एसटीत चढवली.

लातूर तेव्हा उंच उंच व्हायला लागलं होतं. ज्या गावानं भूकंपानंतर छपराची धास्ती घेतली होती, तेच गाव आता पोरांना खोल्या द्यायला घरांवर मजले चढवत होतं. प्रत्येक गच्चीतून लोखंडी सळया वर निघालेल्या, पुढच्या मजल्याची वाट बघत. भिंतीभिंतीवर क्लासच्या पाट्या आणि हसऱ्या पोरांचे फोटो. आमच्या घरमालकीण शेटे काकूंनीही वर दोन खोल्या काढल्या होत्या, पण त्या स्वतः मात्र अंगणातच खाट टाकायच्या. आम्हाला दाराला आतून कडी लावू द्यायच्या नाहीत. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कडी काढायला येळ लागतो बाई." एवढंच. भूकंपाला तेव्हा पंधरा-सोळा वर्षं होऊन गेली होती.

माझी खोलीतली जोडीदारीण मंगल, अहमदपूरची. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तिच्या वडिलांचं बियाण्याचं दुकान. ती मोठ्यानं पाठ करायची, तेही चालत. सकाळी मेसमधली चुरमुऱ्यांची सुशीला खातानासुद्धा तिचे ओठ हलत असायचे. मला तसं जमत नव्हतं. पुस्तक उघडलं की पाच ओळींनंतर मी खिडकीशी उभी. खाली रस्त्यावरून पाण्याचा टँकर जायचा, त्याच्या मागून घागरी घेऊन बायका पळायच्या, आणि मला वाटायचं आपणही त्यांच्यामागं पळावं, कुठंही.

क्लास म्हणजे पत्र्याचा मोठा हॉल, दोन्ही बाजूंना कूलर, पुढं माइक. फिजिक्सला बिराजदार सर होते. किडकिडीत, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. शिकवता शिकवता मध्येच थांबायचे, वर पंख्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "हाव का न्हाई?" विचारलं कुणाला ते कळायचं नाही. आम्ही सगळे "हाव" म्हणायचो. दहावीपर्यंत मी मराठीत शिकलेली. अकरावीला सगळं एकदम इंग्रजीत आलं. ट्रान्सव्हर्स आणि लाँजिट्यूडिनल हे शब्द मला नुसते पाठ होते. त्यांच्या आत काय हलतंय ते दिसत नव्हतं.

एके दुपारी हॉल तिकीट काढायला मी चौकातल्या नेट कॅफेत गेले. प्लायवुडच्या खोपट्यांमध्ये एकेक कॉम्प्युटर, गल्ल्यावर रफिकभाई. हॉल तिकीट निघालं. वेळ उरला होता. सहज म्हणून मी मराठीत 'लाट' टाइप केलं. समुद्राच्या कविता निघाल्या, पाककृतींतली लाटी निघाली, आणि खाली कुठंतरी एक पान. पानाचं नाव होतं, 'सहज आठवलं म्हणून'.

त्या जुन्या कॉम्प्युटरवर मराठी नीट उमटायची नाही. वेलांट्या आपलं अक्षर सोडून भलतीकडं जायच्या, जोडाक्षरं फुटायची. ठेचकाळत वाचावं लागायचं. कदाचित म्हणूनच मी नीट वाचलं. लिहिलं होतं: विहिरीवरचा दोर दोघांनी धरून झटका दिला, तर वळसा पुढं जातो, पण दोर तिथंच राहतो. आता मिरवणुकीत माणसं एकमेकांना खेटून उभी आहेत आणि मागून कुणी ढकललं, तर धक्का पुढच्या टोकापर्यंत जातो, पण मागचा माणूस मागंच असतो. लाट म्हणजे माल नव्हे, निरोप. हाव का न्हाई?

मी खुर्चीत सरळ बसले.

पानावर कुणाचं नाव नव्हतं. फोटो नव्हता. जाहिरात नव्हती. आत यायला कुणी नाव-पत्ता विचारत नव्हतं. फिजिक्सच्या जोडीला बाकीचंही खूप होतं. शाळेची घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, उन्हाळ्यात विहिरीत शब्द टाकला की परत येताना तो कसा मोठा होऊन यायचा, माळवदाच्या घरात दुपारी असायचा तो गारवा. सगळं एका गावाचं, आणि सगळं भूतकाळात. उजव्या बाजूला 'मी वाचतो ते' म्हणून दुसऱ्या ब्लॉगांची नावं होती. एकावर बोट ठेवलं तर बीडची एक बाई गच्चीवरून दिसणाऱ्या ताऱ्यांबद्दल लिहीत होती. तिच्या पानावरून पुढं गेले तर धुळ्याचे एक निवृत्त काका मोडके रेडिओ उघडून बसलेले. त्यांच्याकडून कुठं सोलापुरात. कुणी कुणाला ओळखत नव्हतं, तरी सगळ्यांनी एकमेकांकडं जायला दार ठेवलं होतं. मी नुसती हिंडत राहिले. पेपर संपल्यापासून पहिल्यांदाच माझे पाय शांत होते, कारण हिंडायचं काम दुसरंच काहीतरी करत होतं.

"हॉल टिकट तो कब का निकल गया, अब क्या पढ रै?" रफिकभाईंनी विचारलं.

"अभ्यासच हाय, भाई," म्हटलं.

उठण्याआधी मी त्या लेखाखाली लिहिलं, 'सर, तुम्हीच ना? सरोज, देगलूर.' दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळी कॅफेत गेले तर माझ्या ओळीखाली उत्तर होतं, 'वर्गात बोलू नका. इथं बोला. दोर आणि गर्दी, दोन्ही कळलं का?'

कळलं होतं. मी मंगलला सांगितलं, मंगलनं आणखी कुणाला. आठवड्याभरात कॅफेत आमच्या क्लासची पोरं दिसायला लागली, मग बिनक्लासची. चाकूरकडच्या एका पोरानं खाली लिहिलं होतं, 'आमच्याकडं फिजिक्सला सर नाहीत. तुमच्या पानावर शिकून राहिलो.' कुणीतरी पानं छापून झेरॉक्सच्या दुकानात ठेवली. आणि तिथूनच बातमी डायरेक्टर सरांपर्यंत, म्हणजे क्लासच्या मालकांपर्यंत गेली.

आम्ही दोघी शंका विचारायला स्टाफरूमच्या दाराशी थांबलो होतो. डायरेक्टर सर आत आले आणि आमच्यासमोरच बोलायला लागले.

"बिराजदार सर, तुमी काय करून राहिले? फी भरलेली लेकरं मला काय म्हणतील?"

"क्लासच्या नोट्स त्यात न्हाईत, सर. मी माझ्या घरी बसून लिहितो. माझं हाय ते."

"तुमचं काय हाय त्यात? क्लासमध्ये शिकवता तेच हाय. ह्या वेव्हज क्लासच्या हायत. काढून टाका."

"लाटा क्लासच्या?"

"मग काय तुमच्या हायत?"

सर हातावरची खडूची पूड पुसत होते. पुसून झाल्यावर म्हणाले, "हाव. माझ्याच हायत."

डायरेक्टर सर हसले. आम्हाला काहीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पानावर नवा लेख होता. त्याचं नाव साधं होतं, 'दोन लाटा'. जमीन हलते तेव्हा आधी पोचते ती ढकलत येणारी लाट, जिचा आवाज होतो. तिच्या मागून येते ती आडवी हलवणारी, जी घरं पाडते. दोघी एकाच वेळी निघतात, पहिली वेगानं येते. केंद्र दूर असेल तर दोघींत बराच वेळ जातो. आमचं गाव जवळ होतं, सरांनी लिहिलं होतं. मी गणपतीसाठी कॉलेजातून घरी आलो होतो. विसर्जनाहून येऊन सगळे झोपले होते. पहाटेच्या आधी आवाज आला. शेजारी झोपलेली धाकटी बहीण उठून बसली आणि म्हणाली, 'दादा, जातं कोण वढायलंय?' दोन लाटांच्या मधला वेळ तेवढाच होता. तिचा प्रश्न त्यात बसला. माझं उत्तर बसलं नाही.

त्याखाली त्यांनी वेळेचं सूत्र दिलं होतं आणि एक गणित सोडवून दाखवलं होतं.

मी ते वाचलं आणि मला बसवेना. उन्हात बाहेर पडले. गंजगोलाईला चकरा मारत राहिले, भाजीवाल्या, कापडाची दुकानं, कुठंच थांबले नाही. पुढं मी फिजिक्समध्ये बरंच शिकले, पण सूत्र हातात धरून माणूस रडू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

सरांनी क्लास सोडला. सीईटी अजून व्हायची होती आणि ऑप्टिक्स राहिलं होतं. नवीन सर आले, ते फळ्याकडं बघून बोलायचे. मंगल सरांवर फार चिडली.

"त्यांना त्यांचं पान मोठं झालं. आमचं काय?"

"त्यांनी तरी काय करायचं होतं?"

"तुला वाचायला आवडतंय, तुझं बरंय. मला मार्क पायजेत. घरी धाकट्या दोघी हायत माझ्यामागं."

ती बरोबर बोलत होती आणि सरही बरोबर होते. या दोन गोष्टी एकत्र कशा ठेवायच्या ते मला अजून कळलेलं नाही. मी फक्त म्हटलं, "हेच तिथं लिही."

मंगल कॅफेत आली. मराठी टाइप करायला तिला खूप वेळ लागला. 'सर, तुम्ही बरोबर असाल. पण आमचं ऑप्टिक्स राहिलंय.' एवढंच लिहिलं आणि उठली. दुसऱ्या दिवशी उत्तर होतं, 'तुमचंही बरोबर आहे. आजपासून सुरू करू.'

मग रोज एक धडा यायला लागला. आकृत्या हातानं काढून फोटो काढलेले, कडेला कधी चहाचा डाग. खाली शंका साचायच्या. सर उत्तर देईपर्यंत कंधारचा कुणी चाकूरच्या कुणाला समजावून द्यायचा. मंगल एकदा एका अनोळखी मुलीला आरशाचं गणित शिकवत तासभर बसली आणि जेवायची विसरली. रफिकभाईंनी एक खोपटं आमच्यासाठीच मोकळं ठेवलं. ऊन वाढत होतं, कूलरचं पाणी आटत होतं, परीक्षा अंगावर येत होती, आणि त्या प्लायवुडच्या खोपट्यात आम्ही भिंती नसलेल्या वर्गात बसलो होतो.

मंगलचा नंबर लागला. आज अहमदपुरात तिचा लहान मुलांचा दवाखाना आहे. माझा लागला नाही. अण्णा एक दिवस म्हणाले, "बीएस्सी कर. तुला त्यातलं काही आवडतं म्हणत होतीस." मी फिजिक्स घेतलं.

पुढची काही वर्षं मी भरपूर वाचलं. माझाही एक ब्लॉग सुरू केला. वाचक इतके थोडे की सगळ्यांची नावं पाठ होती. बीडच्या बाईंशी मी ग्रहणाबद्दल वाद घातला, त्यांनी पुढच्या लेखात माझ्या पानाचा दुवा दिला, आणि तो दिवस मला नोकरी लागल्याच्या दिवसाइतका लक्षात आहे. वाचून गप्प निघून जायचं नाही हे मी तिथं शिकले. कुणीतरी दार उघडं ठेवून लिहीत बसलंय, तर आत डोकावून दोन शब्द बोलायचे, पटलं नाही तर तेही सांगायचं, आणि आपल्याकडं आलेल्याला पुढचं घर दाखवायचं.

मग एकेक दार मिटत गेलं. 'बऱ्याच दिवसांत लिहिणं झालं नाही, लवकरच लिहीन,' अशी शेवटची नोंद आणि त्यापुढं काही नाही. धुळ्याच्या काकांचं पान उघडेना. सगळे फोनवरच्या ग्रुपांमध्ये गेले होते. एकदा आमच्या स्टाफच्या ग्रुपवर सरांचाच विहिरीचा लेख आला. खाली नाव नाही, वर गुलाब, शेवटी 'साभार'. पन्नास जणांनी हात जोडले. मी लिहिलं, 'हे बिराजदार सरांचं आहे, मूळ पान इथं आहे.' कुणी उघडलं नसावं. लगेच पुढचा सुप्रभात आला.

आणि एका वैशाखात सूचना आली की सरांचा ब्लॉग ज्या फुकट जागेवर होता, ती सेवाच बंद होणार. सरांचा फोन लागत नव्हता. त्यांनी लिहिणंही केव्हाच थांबवलं होतं. मी बस धरून त्यांच्या गावी गेले.

पुनर्वसनात बांधलेलं गाव. रुंद सरळ रस्ते, सारखी घरं, मधे फार आभाळ. सर आता तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवत होते. ओसरीत बसून त्यांनी माझं ऐकून घेतलं.

"जाऊ दे, सरोज. गाव गेलं तिथं पानाचं काय."

"गाव परत बांधलं की, सर."

"बांधलं. शेजार बदलला. घरं वाटताना कोण कुठं गेलं. इथं मी अजून बाहेर येऊन चुकीच्या बाजूला बघतो."

"पानावर तर शेजार आहे तसाच आहे."

त्यांच्या पत्नीनं चहा आणला, तो पिऊन झाला. शेवटी सर म्हणाले, "कर तुला काय करायचं ते. माझ्यानं आता लिहवत न्हाई."

माझ्या वर्गातल्या पोरांना घेऊन मी सगळं उतरवून घेतलं. लेख सोपे होते. खालचं बोलणं सांभाळणं अवघड होतं. पोरं म्हणाली, "मॅडम, ह्या शंका कशाला ठेवायच्या?" मी म्हटलं, ठेवायच्या. मंगलनंही हातभार लावला. तिनं आपलं 'ऑप्टिक्स राहिलंय' सगळ्यात आधी शोधलं. स्वतंत्र पत्ता घेऊन पान परत उभं केलं, पुन्हा तसंच, नाव-गाव न विचारता कुणालाही आत येऊ देणारं. त्याचा पासवर्ड सरांनाही फोनवर कळवला.

कुणी आलं नाही. मी अधूनमधून जाऊन बघायची, कोरडं. वाटायचं, उगाच खटाटोप केला.

यंदा परीक्षेच्या ड्यूटीहून घरी आले. नेहमीसारखी कपाट उघडून उभी होते, आणि फोनवर सूचना आली. 'दोन लाटा'खाली कुणीतरी लिहिलं होतं.

'माझं नाव अनिता. हे नाव मला पुण्याच्या संस्थेत मिळालं. भूकंपात मी लहान होते, घरचं कुणी राहिलं नाही. कागदावर फक्त गावाचं नाव आहे. ते शोधताना हे पान निघालं. आमचं घर पिठाच्या गिरणीला लागून होतं असं सांगतात. माझ्या आईला कुणी ओळखत होतं का? माझ्याकडं फोटो नाही.'

मी सरांना फोन केला. वाचून दाखवलं. मग "बघतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी वर्गात फेऱ्या मारताना माझं कशात लक्ष नव्हतं. फोन बाहेर जमा केलेला. पेपर संपला, गठ्ठे सील झाले, मी फाटकाबाहेर आयांच्या गर्दीत उभी राहून पान उघडलं. कित्येक वर्षांनी त्यावर नवा लेख होता.

'गिरणीशेजारचं घर माझ्या पक्कं लक्षात आहे. तुझी आई उंच होती, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला. चेहरा मला नीट सांगता येणार नाही, खोटं कशाला लिहू. आवाज सांगतो. संध्याकाळी ती तुला हाक मारायची तेव्हा शाळेपर्यंत ऐकू यायची. तुझं नाव ठकी होतं.'

खाली अनितानं लिहिलं होतं, 'हे नाव मला कुणी सांगितलं नव्हतं. हाक कशी मारायची, ते लिहाल का?'

आणि त्याखाली सरांनी, अक्षरं लांब लांब ओढून, लिहिलं होतं, 'ठकेऽऽऽ... ये गंऽऽ.'

लिंबाखालच्या गलक्यात, आपापल्या लेकरांना शोधत नावं घेणाऱ्या त्या बायांमध्ये उभी राहून मी ते मोठ्यानं वाचलं.